फादर, भटजी आणि कमरेची सुपारी

आधी फादरचं सांगतो, मग बाकीचं. माझं लग्न जुळलं ते फादरमुळं. त्यांचं स्वतःचं झालेलं नाही आणि व्हायचंही नाही, तरी माझं त्यांनीच जुळवलं.

मी भंडाऱ्याकडचा. आईबाप लवकर गेले, आठवीत शाळा सुटली. एका मुकादमाच्या मागं रहिमतपूरजवळच्या गुऱ्हाळावर आलो आणि लगेच कावीळ होऊन पडलो. मुकादमाचा फोन बंद. गावातल्या चर्चच्या फादरनी मला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. बरा झाल्यावर विचारलं, "स्वयंपाक येतो का?" येत नव्हता. मी हो म्हणालो, कारण नाही म्हटलं तर जायचं कुठं? पहिले काही दिवस फादर जेवणाआधीची प्रार्थना जरा लांबवायचे. पण पान कधी बाजूला सारलं नाही.

गावाला फादरचं एकच कोडं होतं. दूध घालणारी आजी रोज नव्यानं विचारायची, "पगार हाय, घर हाय, गाडी हाय. मग बायको का न्हाई?"

"आजी, मी देवाला शब्द दिलाय, लग्न करणार नाही म्हणून."

"आवं, देवाचं काय जातंय? आमच्या समद्या देवांच्या बायका हायत."

फादर हसायचे आणि दूध मोजून घ्यायचे. ते वसईकडचे, म्हणजे तेही घरापासून लांबच. लग्न नव्हतं, पण संसार मात्र त्यांच्या गळ्यात होता, तोही शेजाऱ्यांचा. चर्चच्या भिंतीपलीकडं एक रिटायर मास्तर आणि त्यांची बायको राहायची. ती दोघं एकमेकांशी बोलत नसत. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही नीट सांगता येत नव्हतं. सकाळी भिंतीवरून आवाज यायचा, "फादर, ह्यांना सांगा, गॅस संपलाय." मास्तर तिथंच, तिच्यापासून चार हातांवर उभे. "फादर, तिला सांगा, मला दिसतंय." फादर इमानदारीत दोन्ही निरोप पोचवायचे.

नाताळच्या जेवणाला सांगलीकडचे एक पाहुणे आले होते. फौजेत लंगरवर स्वयंपाकी होते, आता पेन्शनीत. माझी भाजी त्यांनी तीनदा घेतली आणि जाताना माझ्या गावाची, जातीची, घरच्यांची सगळी चौकशी करून गेले. पंधरा दिवसांनी निरोप आला, आमची पोरगी बघायला या. मला दोन रात्री झोप नाही. माझ्या बाजूनं बोलणार कोण? चुलत्याला फोन केला, तो म्हणाला तिकीट लांबचं आहे, तू बघून घे. फादर म्हणाले, "मी येतो."

मुलगी हळदीच्या गोदामात कामाला. चहा दिला तेव्हा तिची बोटं पिवळी होती. तिनं मला एकच विचारलं, "भाकरी येती का?" मी म्हटलं, वाकडी येते. ती म्हणाली, "चालंल."

पण तिची आत्या पुढं सरकली. "नवऱ्याकडनं देवकाला कोण बसणार?" त्यांच्यात लग्नाआधी मुलाकडच्या नवराबायकोनं जोडीनं पूजेला बसायचं असतं. माझ्याकडं जोडी नव्हती. माझ्याकडं फादर होते.

"एकट्याला न्हाई बसता येत," आत्या म्हणाली. "ज्याच्यामागं एक जोडी उभी ऱ्हाईना, त्याला पोरगी द्यायची व्हय?"

मुलीनं खाली घातलेली मान वर केली नाही. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले भटजी मदतीला धावले. "तोड आहे. बायको गेलेली असली तर माणूस कमरेला सुपारी खोचून बसतो. ती पत्नीच्या जागी धरतात. फादरनी तसंच बसावं."

भटजींनी सुपारी काढून फादरसमोर ठेवली. फादर तिच्याकडं बघून थोडे मागं सरकले.

"म्हणजे ही माझी पत्नी?"

"तेवढ्यापुरती."

"तेवढ्यापुरती? ते तर आणखी वाईट."

फौजी सासरे म्हणाले, "आवं फादर, सुपारी हाय ती. पूजा झाली की फोडून खाऊन टाका."

"बायकोला?"

कुणी हसलं नाही, कारण आत्या हसत नव्हती. फादर माझ्याकडं बघत होते. नकार दिला तर माझं मोडतंय, हे त्यांना दिसत होतं. मग त्यांनी तिथूनच बिशपांना फोन लावला. सासऱ्यांना ऐकायचं होतं, म्हणून स्पीकरवर ठेवला. फादरनी सुपारीची सगळी हकीकत सांगितली. मग बिशप म्हणाले, "फादरलोकांच्या अडचणी मी पुष्कळ ऐकल्यात. बाई असते. सुपारी पहिल्यांदाच." आणि लगेच पुढं, "नाही म्हणा. पण पोराचं काम करून या."

फादरनी सुपारी उचलून भटजींच्या हातात परत दिली, अगदी जपून. "मी एक शब्द दिलाय," ते आत्याला म्हणाले. "तो सुपारीपुरता सैल केला, तर ह्या पोराबद्दल देतोय त्या शब्दाला तुम्ही काय किंमत द्याल? जोडी मी आणतो. नाही आणली तर लग्न मोडा."

आत्या विचारात पडली. "जोडी नीट पायजे. नांदती."

"एकाच घरात राहतात," फादर म्हणाले. खोटं काहीच नव्हतं.

भिंतीवरून मास्तरांना आणि मास्तरीणबाईंना तयार करायला फादरना आठवडा लागला. प्रत्येक अट दोनदा ऐकायची, दोनदा सांगायची. मी आत पोळ्या करपवत होतो. शेवटी दोघंही एकाच गोष्टीवर आली: जीपमध्ये फादर मधे बसणार.

देवकाच्या वेळी दोघं शेजारी बसली, तोंडं दोन भिंतींकडं. भटजी म्हणाले, "पत्नीनं पतीच्या हाताला हात लावावा." बाई हललीच नाही. आत्या पुढं वाकून बघायला लागली. मग बाई मागं वळून म्हणाली, "फादर, ह्यांना सांगा, हात पुढं करा."

फादर म्हणाले, "मास्तर, हात पुढं करा."

मास्तरांनी केला. बाईनं बोट टेकवलं. आत्या मागं सरकून बसली. माझ्या बायकोनं नंतर सांगितलं, आत्याला वाटलं फादर म्हणजे आमच्याकडचे मंत्र सांगणारे.

अक्षता पडल्या तेव्हा माझ्यामागं मामाच्या जागी फादर होते, पांढऱ्या झग्यात, हातात लिंबू खोचलेली तलवार. मामाला उभं राहायला बायको लागत नाही, हे त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं.

परतताना मला वाटलं, आता दोघं बोलतील. अर्धा रस्ता संपला. मग बाई म्हणाली, "फादर, ह्यांना सांगा, पानात लाडू टाकून उठलात."

पुढंमागं फादरच्या दीक्षेला पंचवीस वर्षं होतील. त्या दिवशी चर्चमध्ये पहिल्या बाकावर घरच्या माणसांनी बसायचं असतं म्हणे. त्यांचे आईवडील आता नाहीत. फादर, तुमची बदली कुठंही होवो, त्या बाकावर आम्ही दोघं जोडीनं येऊन बसू. बायकोला विचारलंय. ती हो म्हणाली, मला, तोंडावर.