दोन रुग्णांची एक यादी

वीस वर्षं वॉर्डात उभं राहून मोठ्या सिस्टरची कंबर कामातून गेली. मग रुग्णालयाने तिला नोंदणीच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसवलं. नुसतं बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. दीर प्रोग्रामर होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने त्याच्याकडून जावास्क्रिप्ट शिकायला घेतलं.

त्यातली क्लास ही कल्पना काही केल्या डोक्यात शिरेना. शेवटी दीर म्हणाला, "वहिनी, क्लास म्हणजे छापील कोरा केसपेपर. न्यू म्हटलं की नवा कागद निघतो. कन्स्ट्रक्टर त्यावर नाव, वय, खाट भरतो. आणि धिस म्हणजे हाच रुग्ण, शेजारचा नव्हे."

मग तिने मागे वळून पाहिलं नाही. तीन महिने खपून तिने वॉर्डासाठी कॉम्प्युटरवर औषधांचं पान तयार केलं. रुग्ण नावाचा क्लास, त्यात औषध जोडायची एक मेथड, दिल्याची खूण करायची दुसरी. एकूण रुग्णांचा आकडा सगळ्यांचा मिळून एकच, म्हणून त्या ओळीला स्टॅटिक लावलेलं. औषधांच्या यादीसाठी तिने तीच ओळ कॉपी केली, नाव बदललं, स्टॅटिक काढायचं राहून गेलं. त्यामुळे यादी एकेका रुग्णाची न राहता साऱ्या क्लासची एकच झाली. तिने एका खोट्या रुग्णावर तपासून पाहिलं. एकटाच रुग्ण, चूक दिसणार कुठे? पान वापरायच्या परवानगीवर अधीक्षकांनी न बघताच सही ठोकली.

पहिल्या सकाळी दोघांची नोंद झाली. एक हृदयविकाराची बाई, तिला रक्त पातळ करणारं इंजेक्शन. दुसरा एक सुतार, पोटातला रक्तस्राव नुकता थांबलेला. सुताराच्या पानावर दोघांची औषधं उमटली. ड्युटीवर धाकटी सिस्टर होती, मोठ्या सिस्टरच्याच हाताखाली तयार झालेली. डॉक्टरांनी औषध वाढवलं असेल, असं तिला वाटलं. शिवाय पान मोठ्या सिस्टरचं. तिने इंजेक्शन दिलं. दुपारी सुताराला रक्ताची उलटी झाली, आणि संध्याकाळच्या आत तो गेला.

काढायचा राहिलेला तो स्टॅटिक शब्द शोधायला मोठ्या सिस्टरला दहा मिनिटं लागली.

अधीक्षकांनी तिला बोलावून दार लावून घेतलं. "इंजेक्शन तिने दिलंय, तुम्ही नाही. गप्प बसा, बाकीचं मी निस्तरतो."

चौकशीत तिने ती ओळ सगळ्यांसमोर उघडली आणि चूक आपली म्हणून सांगितली. धाकटी वाचेल, एवढीच तिची आशा होती. समितीने दोघींनाही घरी पाठवलं. अधीक्षकांच्या सहीचा विषय कुणी काढला नाही. त्यानंतर धाकटीने तिचा फोन कधी उचलला नाही.

चौकशी संपली त्या दिवशी सुताराची बायको बाहेर बाकावर बसून होती. मोठी सिस्टर शेजारी बसली आणि काही न लपवता तिने सगळं सांगितलं.

बायकोने ऐकून घेतलं. "त्या पानावर नाव तरी ह्यांचंच होतं ना?"

"हो."

मग नवऱ्याचे कपडे कुठे मिळतील, एवढंच तिने विचारलं. मोठी सिस्टर कंबर धरून उठली आणि तिला तळमजल्यावर, रुग्णांचं सामान परत देतात त्या खिडकीपाशी घेऊन गेली.