बोंडअळीचा पाहुणचार

बोंडअळीची वाट पाहणारा शेतकरी अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. एकोणीसशे नव्वदच्या सुमाराला आमचं लग्न झालं. कारंजा घाडग्याच्या पलीकडे मामांचं गाव. पाया पडायला गेलो, तर आशीर्वादाआधी त्यांनी खिशातून आगपेटी काढली आणि माझ्या नाकाशी उघडली. आत कपाशीच्या पानावर एक हिरवी अळी ऐसपैस पहुडली होती. "पाहा जवाईबुवा, कशी गुबगुबीत आहे!" मामी आतून ओरडल्या, "अवो, जवायाले आधी पाणी त पिऊ द्या!"

त्या काळी अळी म्हणजे गावाची वैरीण आणि मामा त्या वैरिणीचे खास जाणकार. सकाळी ते चहा न घेताच निघत, कारण तो पुढे दुसऱ्याच्या वावरात मिळणारच असे. बोंड कानाशी धरून कुजबुजत, "जेवून राह्यली आत." मीही एकदा कान लावला, मला काहीच ऐकू आलं नाही, पण तसं सांगायचा धीर झाला नाही. मामांना विचारल्याशिवाय गावात कोणी फवारणीचा पंप पाठीवर घेत नसे. संध्याकाळी ओसरीत माणसं मावत नसत आणि मामी चहा गाळता गाळता म्हणत, "माह्या घरी माणसाइतकंच अळ्याइचं येनं-जानं आहे."

मामी गेल्या. मूलबाळ नव्हतं. आणि दोनेक वर्षांत गावात बीटी कपाशी आली. अळीचं औषध बियाण्यातच. अळीने पान खाल्लं की संपली. पहिली काही वर्षं बोंडं अशी स्वच्छ निघाली की लोक हरखून गेले. मामांशी कोणाचं वाकडं नव्हतं, रस्त्यात भेटले की हात जोडत; पण विचारण्यासारखं काही उरलं नाही, आणि ओसरी ओस पडली. मामांनीही बीटीच लावली. म्हणाले, "बियाणं चांगलं आहे, जवाईबुवा. पन बोलाले काई ठेवलं नाई त्यानं."

बीटीच्या पाकिटासोबत साध्या कपाशीचं एक लहान पाकीट येई. ते शेताच्या कडेने लावायचं, म्हणजे थोड्या अळ्या तिथे जगतात आणि अळीची सगळी जात बीटीला सरावत नाही. बाकीचे ते बांधावर फेकून देत. मामा फेकलेली पाकिटंसुद्धा वेचून आणत आणि धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेने साध्या पऱ्हाटीच्या ओळी लावत. शेजारचा हसला, तर म्हणाले, "तिलेही कुठंतरी उतराले जागा पाहिजे ना बापा!"

एका दिवाळीच्या आधी मी गेलो तेव्हा ते फाटकाशीच उभे होते. "आली!" एवढंच म्हणाले आणि मला जवळजवळ ओढत वावरात घेऊन गेले. कडेच्या ओळीत एका बोंडात खरंच अळी होती. त्यांनी शेजाऱ्याला हाका मारमारून बोलावलं. तो आला, वाकून पाहिलं, "मारून टाका मामाजी, काऊन ठेवता?" म्हणाला आणि बैल सोडायचे म्हणून निघून गेला. मामा त्याच्या पाठीकडे पाहत राहिले. आगपेटी त्यांनी काढलीच नाही. बोंड हलकेच सोडून दिलं.

मला एसटीवर पोचवायला आले. गाडी दिसल्यावर एकदम म्हणाले, "वर्ध्याले तुमच्या दारी गुलाब आहे म्हने. त्याले अळी पडली, त फोन करजा."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती उठून अंगणात गेली आणि बराच वेळ गुलाबापाशी उभी राहिली. मग आत येऊन तिने त्यांच्या गावच्या किराणा दुकानात फोन लावला. "मामाजीले सांगजा," ती म्हणाली, "लई अळी पडली."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच एसटीने मामा हजर! धोतर धुतलेलं, काखेत पिशवी. चहाही न घेता गुलाबापाशी बसले. एकेक पान उलटून पाहिलं, कळ्या दाबून पाहिल्या. पान न् पान धड होतं. बायको दारात पदराशी चाळा करत उभी. मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा झाडाकडे.

"दिसत नाई," ते सावकाश म्हणाले. "लपली असन. राहूनच पाहा लागन."

आणि आत येऊन त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली.