आक्काच्या हातातल्या खडावा

"तिला म्हणावं, पादत्राणं बाहेर," रावसाहेब म्हणाले.

माझी थोरली बहीण आक्का दारात बसली होती. दोन्ही पाय वाळलेले, लुगड्याखाली मुडपलेले. पायात काहीच नव्हतं. खडावा होत्या त्या हातात.

लहानपणी तापात तिचे पाय गेले. तेव्हापासून ती हातांवर चालायची. आमच्या हिर्डोशीच्या वाटा म्हणजे नुसते दगड नि काटे. आमचे वडील, आबा, वारले तेव्हा सुतारानं त्यांच्याच खडावांच्या खुंट्या काढल्या आणि वरून चामड्याचे पट्टे ठोकून दिले. त्या पट्ट्यांत हात घालून आक्का पाणवठ्यावर जायची, भाताच्या खाचरात जायची, कुणाच्या लग्नालाही जायची. ती येतेय हे टाकटाक आवाजावरूनच कळायचं.

"ह्या हातातल्या हायती," आक्का म्हणाली. "पायातल्या न्हाईत."

झोपाळ्यावरचे पाहुणे हसले. रावसाहेबही हसले. "खडावा त्या खडावा. घरात देव आहेत." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी त्यांचा कारकून. भोरात वकिलाच्या घरी लेखणी धरणारा आमच्या गावचा पहिलाच मुलगा. त्याचा मला केवढा तोरा होता! मी उठलो. वाकलो. आक्काच्या हातांतून खडावा काढल्या. घामानं पट्टा चिकटला होता, तो ओढावा लागला. पाहुण्यांच्या जोड्यांच्या रांगेत मी त्या लावून ठेवल्या. नीट लावल्या. टाचा भिंतीकडे करून.

चैत्राचं ऊन. चौकातली फरशी तापलेली. आक्का उघड्या तळव्यांवर आत आली. टाकटाक नाही, नुसतं लुगडं घासल्याचा आवाज.

तिला मीच बोलावलं होतं. बाजाराला हिरडा नेणाऱ्या बैलगाडीत बसून ती डोंगरातून आली होती. रावसाहेबांनी गावातल्या चार मोठ्या माणसांना घेऊन पांगळ्यांना मदत करायची एक मंडळी काढली होती. पुण्याच्या एका दवाखान्यात पायाला लोखंडी पट्ट्या बसवतात, कुबड्या करून देतात. तिथं जायचं तर रावसाहेबांची चिठ्ठी हवी, असं पंचक्रोशीत सगळे धरून चालले होते. त्या चिठ्ठ्या माझ्याच अक्षरात असायच्या. खाली फक्त त्यांची सही.

"पुढच्या आठवड्यात पुण्याहून देणगी देणारी मंडळी येणार आहेत," रावसाहेब तिला म्हणाले. "त्यांच्यासमोर अशीच रांगत यायचं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लोकांना कळवळा येत नाही. मग चिठ्ठी देऊ."

"यीन," आक्का म्हणाली. "पर खडावा घालून यीन."

"मग चिठ्ठी नाही."

आक्कानं माझ्याकडे पाहिलं. एक शब्द हवा होता तिला. मी दौतीचं झाकण लावत बसलो. ते आधीच लागलेलं होतं.

ती आली तशी बाहेर गेली. मी मागोमाग गेलो. तळव्यांना फोड आले होते. त्याच हातांत तिनं खडावा चढवल्या. माझी मदत घेतली नाही.

"तुजी भाकर हाय हितं," ती म्हणाली. "कळतंय मला."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पण खरं पाप अजून सांगितलंच नाही. ते सांगितलंच पाहिजे. रावसाहेबांची डाक मीच फोडायचो. दोन महिन्यांपूर्वी त्या दवाखान्याचा कागद आला होता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: रोग्यांनी सरळ यावं, कुणाच्या शिफारशीची गरज नाही. रावसाहेबांनी तो वाचला आणि पेटीत ठेवायला सांगितला. मी ठेवला. चिठ्ठी लागतच नव्हती. आणि हे मला ठाऊक होतं. आक्काच्या हातातून खडावा ओढताना ठाऊक होतं. मालकाचा कागद, आपण कोण बोलणार, असं मी मनाला बजावत होतो. खरी गोष्ट वेगळी होती. लोक चिठ्ठीसाठी हात जोडायचे, तेव्हा थोडे माझ्याहीपुढे जोडायचे. मला ते गोड वाटायचं.

पुढच्या आठवड्यात पुण्याची मंडळी आली. दारात उत्रोलीचा एक म्हातारा उभा राहिला. गाडीखाली सापडून त्याचा एक पाय गुडघ्यापासून गेलेला. काखेत बाभळीची जाड काठी.

"काठी बाहेर," रावसाहेब म्हणाले. "फरशीला चरे पडतात." आणि माझ्याकडे पाहिलं.

मी दाराशी गेलो. म्हाताऱ्यानं मी मागायच्या आधीच काठी पुढे केली. एका पायावर, भिंतीला धरून, लटपटत.

"घ्या, मालक," तो म्हणाला.

मालक! मला! कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

काठी मी त्याच्या काखेत परत दिली. "बाबा, काठी सोडू नका. चिठ्ठी लागत न्हाई. दवाखान्याचा कागद म्या वाचलाय. सरळ पुण्याला जावा." मग मागं वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "कागद त्या पेटीत हाय. वरून तिसरा."

पुण्याचे पाहुणे पेटीकडे बघायला लागले. रावसाहेब इतकंच म्हणाले, "चालता हो."

झालो. हिर्डोशीपर्यंत पायी गेलो. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं मला, खोटं कशाला बोलू. आक्का अंगणात नाचणी पाखडत होती. सगळं ऐकून तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजी तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"माज्या टायमालाबी?"

"व्हय."

तिनं सूप उचललं आणि पाखडायला लागली.

मी तिला पुण्याला नेलं. चिठ्ठी कुणी मागितली नाही. जोडेही कुणी काढायला लावले नाहीत. डॉक्टर म्हणाले, लहानपणी आणलं असतं तर पाय पूर्ण सरळ करता आले असते. आता सांधे धरलेत. जेवढे सरळ झाले तेवढ्या पायांना लोखंडी पट्ट्या बांधून कुबड्या दिल्या. कुबड्या देवळापर्यंत चालतात, खाचरातल्या चिखलात रुततात. तिथं आक्का अजून आबांच्या खडावांवरच जाते.

आता मी बाजाराच्या दिवशी भोरात बसतो. त्या कागदाची नक्कल मी पुण्याच्या दवाखान्यातून करून आणली आहे. लंगडा येवो, पांगळा येवो, त्याला ती वाचून दाखवतो. अर्ज लिहून देतो आणि लागलं तर सोबत जातो. दारात कुणी काठी बाहेर ठेवायला सांगितली तर त्याच्यासोबत मीही दारातच उभा राहतो, आणि गप्प राहत नाही. रावसाहेबांची माणसं मला वाटेत अडवतात. अडवोत.

संध्याकाळी आक्का खाचरातून येते. उंबऱ्यापाशी खडावा काढते. मी अजून हात पुढे करतो. ती देत नाही. स्वतःच उचलून आत चुलीपाशी ठेवते. तिचं बरोबर आहे. माफी मी मागणार नाही, मला ती नको. मी माणसाचे पाय काढून जोड्यांच्या रांगेत ठेवले होते. एवढं मला रोज आठवलं पाहिजे.

पुन्हा कुणाचे काढणार नाही. कुणाला काढू देणार नाही.