मशीनमधली टपटप

हॉस्पिटलात त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. घरी तो नुसता गुणगुणला तरी बायको स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. पण बिघडलेलं यंत्र समोर आलं की तो आधी पेचकस काढायचा नाही. डोळे मिटायचा, मान तिरकी करायचा आणि ऐकायचा. पंप कुठे घासतोय, पंखा अजून किती दिवस तग धरेल, हे नुसत्या आवाजावरून सांगायचा आणि ते बहुतेक खरं निघायचं. शहरातल्या चार-पाच हॉस्पिटलांची यंत्रं त्याने सव्वीस वर्षं अशीच सांभाळली.

त्यातलं त्याच्या आवडीचं यंत्र म्हणजे नसा आणि स्नायू तपासायचं. ते पडद्यावर रेघ तर काढायचंच, पण बोलायचंही. स्नायूत बारीक सुई घातली किंवा कातडीवर चकत्या चिकटवल्या की आतली वीज स्पीकरमधून ऐकू येई. मूठ आवळली की पत्र्यावर खडी ओतल्यासारखा खडखडाट व्हायचा. हात सैल सोडला की चिडीचूप. निरोगी स्नायू विसावलेला असताना अवाक्षर काढत नाही, एवढं कानसेनला पाठ होतं. म्हणून दुरुस्ती झाली की तो स्वतःच्याच उजव्या अंगठ्याच्या बुडाशी चकत्या लावायचा. आवळून बघायचा, सोडून बघायचा. शांतता मिळाली की सही करून निघायचा.

त्या वर्षी एका हॉस्पिटलाच्या तळघरातल्या तपासणीच्या खोलीतून तक्रार आली की मशीन घूं घूं करतंय. तिथली टेक्निशियन पंचविशीची, कामाला चोख आणि बोलायला कमी. कानसेनला ती काका म्हणायची. जमिनीत जाणारी तार सैल झाली होती. त्याने ती आवळली, घूं घूं थांबली. सवयीने चकत्या हाताला लावून त्याने हात मांडीवर टाकला.

टप्.

तो थांबला. थोड्या वेळाने पुन्हा टप्, लगेच आणखी दोन, मग बराच वेळ काही नाही. बंद दारावर कुणीतरी एका बोटाने, घाई न करता ठोठावावं तसा आवाज. तार नीट नसेल म्हणून त्याने तार बदलली. टप्. डोक्यावरची ट्यूबलाइट बंद केली, शेजारच्या खोलीतला फ्रीज बंद करायला लावला. अंधाऱ्या खोलीत पडद्याचा हिरवा उजेड आणि तो आवाज, एवढंच उरलं.

टेक्निशियनला त्याने विचारलं, तर ती म्हणाली की पेशंटच्या वेळी असं काही होत नाही. ते ऐकून तो जास्तच चक्रावला. पुढच्या आठवड्यात त्याने मशीनमधली अख्खी एक सर्किटची पाटी बदलून टाकली. आवाज जागच्या जागी.

हे इथवर ठीक होतं. पण त्यानंतर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात तो तसंच एक मशीन बघायला गेला. कंपनी वेगळी, तारा कोऱ्या, खोली तिसऱ्या मजल्यावर. त्याने चकत्या लावल्या, हात सैल सोडला, आणि स्पीकरमधून तेच ठोठावणं आलं. वीज चुकून कुठूनही शिरते हे त्याला ठाऊक होतं, पण शहर ओलांडून आपला माग काढत येणारी वीज त्याने पाहिली नव्हती. त्या दिवशी घरी आल्यावर त्याने रेडिओ लावायला बायकोला मनाई केली. कारण विचारलं तर म्हणाला, डोकं दुखतंय.

आता कुणी म्हणेल, एवढा हुशार माणूस, त्याला कळलं कसं नाही? पण दुसऱ्याचं मोजणारा माणूस आपली पट्टी कधी मोजत नाही. त्याचा हात हीच त्याची पट्टी होती. चार महिन्यांपासून त्या हातातून पेचकस सटकत होता, शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं. त्यावर त्याचं म्हणणं होतं की हल्ली बटणंच फालतू मिळतात.

तिसऱ्यांदा तो तळघरात गेला तेव्हा टेक्निशियन त्याच्या पाठीमागे उभी राहून ऐकत होती. मग ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.

"काका, आपण हात बदलून बघू या का?"

तिने त्याच्या अंगठ्यावरच्या चकत्या अलगद काढल्या, आपल्या अंगठ्यावर लावल्या आणि हात मांडीवर टाकला. दोघं ऐकत राहिले. स्पीकरमध्ये फक्त हलकीशी सळसळ होती, कान लावला तरच कळणारी.

"म्हणजे मशीन ठीक आहे," कानसेन म्हणाला.

"मशीन ठीक आहे, काका."

ती त्याच्या अंगठ्याकडे बघत होती. मग त्यानेही बघितलं. अंगठ्याच्या बुडाशी जिथे गुबगुबीत उंचवटा असतो तिथे खळगा पडला होता. कातडीखाली काहीतरी बारीक हललं आणि थांबलं.

दोन दिवसांनी तो त्याच खोलीत पेशंट म्हणून आडवा झाला. इतक्या वर्षांत त्या खोलीचं छत त्याने पहिल्यांदा बघितलं. डॉक्टरीणबाईंनी आधी मनगटाला, कोपराला विजेचे झटके देऊन नसा तपासल्या. नसांतून वीज वेळेवर धावत होती, हे त्याला पडद्याकडे न बघताही कळलं. मग सुई आली. हातात टपटप होतीच. पायात काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, म्हणून पायाबद्दल तो निर्धास्त होता. पोटरीत सुई गेली आणि तिथेही तोच आवाज उठला. त्याच्यामागे आणखी एक होता, पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तसा एकसारखा. मग पाठीत. मग हनुवटीखालून जिभेच्या मुळाशी. जिथे जिथे सुई गेली तिथे तिथे कुणीतरी आधीच येऊन बसलेलं होतं.

"आवाज थोडा कमी करू का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नको. ऐकू दे."

बाईंनी काही लपवलं नाही. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी एकेक करून मरताहेत, त्यांच्याविना पोरके झालेले स्नायू आपल्या मनाने हलतात, असं त्यांनी सांगितलं. थोडं लांबवता येईल, थांबवता येणार नाही. घरात आधी कुणाला असं होतं का, असंही विचारलं. त्याने नाही म्हणून सांगितलं.

त्याच्या धाकट्या बहिणीने ते खोटं पाडलं. ती बातमी ऐकून धावत आली आणि तिने आधी भावाच्या हाताकडे बघितलं.

"दादा, बाबांचा उंदीर आठवतो?"

त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शेवटच्या दोन वर्षांत ब्रश हातात राहीना, म्हणून घरीच बसून असत. दुपारी ते उघड्या अंगाने पडले की ही दोघं पोरं त्यांच्या दंडाकडे टक लावून बसत. कातडीखाली काहीतरी सरकायचं, लपायचं, पुन्हा दुसरीकडे निघायचं. जो आधी बोट ठेवेल तो जिंकला. वडीलही हसायचे आणि म्हणायचे, बघा, पकडा. मग एक दिवस ते पडले आणि उठले नाहीत. अशक्तपणा, एवढंच सगळे म्हणाले. कानसेनला तो खेळ आठवत होता. पण इतकी वर्षं त्याने तो मजेच्या गोष्टींत ठेवला होता.

बहीण हटून बसली की माझीही तपासणी करा. रक्ताची एक तपासणी असते, पण तिचा निकाल कागदावर येतो, असं तिला सांगितलं तर म्हणाली, कागद नको, मला कानाने ऐकायचंय. आज आवाज नसला म्हणजे उद्याची खात्री नाही, हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं. शेवटी टेक्निशियनने तिच्या अंगठ्यावर चकत्या लावल्या. कानसेन स्पीकरशेजारच्या स्टुलावर बसला.

काही ऐकू आलं नाही.

"दादा, आवाज बंद तर नाही ना?"

"नाही. पूर्ण चालू आहे."

तिने आणखी पाच मिनिटं थांबायला सांगितलं. मग आणखी पाच. शांतता मिळाल्याचा आनंद तिच्या तोंडावर काही उमटेना. उलट जितकी शांतता लांबत गेली तितकी बहीण आक्रसत गेली, पाऊल वाजायची वाट बघणाऱ्या माणसासारखी. अखेर कानसेननेच उठून मशीन बंद केलं.

त्यानंतर तो अकरा महिने कामावर गेला. पेचकस टेक्निशियन धरायची आणि तो नुसता ऐकून सांगायचा. पुढे त्याचे शब्द जड झाले, तेव्हा तो बोटाने दाखवू लागला. बोटही उचलेना, तेव्हा घरी बसला. बायकोने त्याचं सगळं केलं, कुरकुर न करता. फक्त दुपारी त्याला कुशीवर वळवून ती पाठीवर हात ठेवायची तेव्हा तिला कसंसंच व्हायचं. एकदा तो जागा असताना ती म्हणाली, "अहो, तुम्ही झोपता, पण हे झोपत नाही."

तिसऱ्या वर्षी एका सकाळी, चहाच्या वेळेला, त्याचा श्वास थांबला. शेजारच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, घड्याळ पाहिलं आणि ते कागद लिहायला बाहेरच्या खोलीत गेले. बायको त्याचा दंड धरून बसली होती. हात काढून घ्यायचं तिच्या लक्षात आलं नाही. तळव्याखाली एकदा काहीतरी हललं. थोड्या वेळाने आणखी एकदा. तिने कुणाला हाक मारली नाही. सगळं शांत होईपर्यंत ती तशीच बसून राहिली, मग चादर ओढली.

बहीण अजून दर वर्षी तळघरातल्या त्या खोलीत जाते. आजवर तिच्या हाताने काही आवाज केलेला नाही. घरी परतताना ती वहिनीकडे थांबते, दोघी चहा घेतात, दादाबद्दल बोलतात. शेवटी त्याला त्रास झाला का, असं ती दर खेपेला विचारते. वहिनी सांगते की नाही, अगदी शांत गेले. दुसरं काही ती सांगत नाही.