देवीचा उजवा

माझ्या डोळ्यांनी कडेचं बघणं सोडलं, त्या वर्षी मी देवावर रुसून बसलो होतो. समोरचं स्वच्छ दिसायचं, वर्तमानपत्र वाचता यायचं, पण बाजूने येणारं माणूस एकदम पुढ्यात उगवायचं. डॉक्टरांनी सांगितलं, हे आता भरून येणार नाही, यापुढे रस्त्यावर गाडी नको आणि सायकलही नको. गाडीचं मला फारसं काही वाटलं नाही, सायकलचं मात्र मनाला फार लागलं. आमची सायकल दोघांनी मिळून चालवायची. पुढे मी आणि मागे माझी बायको, माधवी. महाडच्या आसपासचा एकही चढ आम्ही सोडला नव्हता. पुढच्याच्या हातात हॅण्डल, ब्रेक, गिअर सगळं असतं. मागच्याचं हॅण्डल नुसतं धरायला, ते वळतही नाही. मागच्याने पेडल मारायचं आणि पुढच्यावर भरवसा ठेवायचा. माधवीने ते आठ वर्षं हसतमुखाने केलं, आणि त्याचं मला कधी कौतुकसुद्धा वाटलं नाही.

म्हणून एका दुपारी ती म्हणाली, "अहो, आता तुम्ही मागे बसा, मी पुढे बसते," तेव्हा मी भरल्या ताटावरून उठलो. मग दोन महिने रोज सकाळी पुतणीला मागे बसवून तिने सराव केला, आणि मग सांगितलं की पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जायचं. मी वकिली डाव टाकला. म्हटलं, वाटेत कापडे गावाच्या बाजूला तुझ्या माहेरची देवी आहे, तिचा कौल घेऊ. हो म्हणाली तर मी जन्मभर मागे बसेन, नाही म्हणाली तर सायकल विकून टाकू. माधवी लगेच कबूल झाली. तिचा देवीवरचा विश्वास असा, की हरण्याची शंकासुद्धा तिला शिवली नाही. मला मात्र सुटकेची वाट हवी होती, हे आज कबूल करतो.

हायवेवर मी मुकाट मागे बसलो आणि आम्ही सकाळी देवळात पोहोचलो. भात कापणीला आलं होतं, सगळी माणसं शेतात, त्यामुळे देवळात गुरवबाबा एकटेच. मी घाटावरचा, कौल आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. बाबांनी काळ्या पाषाणाच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेली एकेक कळी चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, ही लेक पुढं बसून घाट चढणार हाय. राजी असशील तर उजवा दे." तेवढ्यात त्यांच्या मुंबईच्या मुलाचा फोन आला. आत रेंज नव्हती, म्हणून ते बोलत बोलत देवळामागच्या अंगणात गेले. माधवी डोळे मिटून हात जोडून उभी होती. मी समोर टक लावून पाहत होतो, समोरचं तर मला छान दिसतंच. थोड्या वेळाने एक कळी सुटली आणि खाली पडली. माझ्या डाव्या हाताची.

मी म्हटलं, "डावा. देवी नाही म्हणाली."

माधवीने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, मूर्तीकडे पाहिलंच नाही. वाकून नमस्कार केला आणि बाहेर येऊन घाटाकडे तोंड करून लावलेली सायकल तिने हातांनी उलटी फिरवली. तिचा चेहरा उतरला होता आणि माझ्या मनात, देवाच्या दारात, आनंद झाला होता. तेवढ्यावर मी थांबलो नाही. म्हटलं, हायवे लागेपर्यंत मी पुढे बसतो, शेवटचं एकदा. ती नको म्हणाली, मी ऐकलं नाही.

उताराचा रस्ता, वारा तोंडावर, हातात हॅण्डल. मी अगदी पूर्वीचा झालो होतो. एका वळणावर गटाराजवळ ढासळलेले दगड दिसले म्हणून मी सायकल उजवीकडे घेतली. तिकडून काय येतंय ते मला दिसायचा प्रश्नच नव्हता. माधवी मागून ओरडली, मी दोन्ही ब्रेक आवळले, आणि हॅण्डलचं टोक एका टेम्पोच्या तोंडाला घासून आम्ही आडवे झालो. कोपर सोलवटलं, बाकी दोघंही धड होतो, कारण तो टेम्पो चालत नव्हता. तो आधीच उभा होता.

चालक खाली उतरला. महाडचे इकबालभाई, रोज घाटातल्या हॉटेलांना माल पोहोचवणारे. त्यांनी आधी माधवीला उठवलं, पाणी दिलं, मग मला विचारलं, "दोन सीटची सायकल म्हणजे तुमीच ना? गुरवबाबाचा फोन आला. ते आत येईपर्यंत तुमी उताराला लागलेले. कौल उजवा पडलाय. तुमी उलटे फिरलात."

मी म्हटलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, डावी कळी पडली.

"तुमच्या डाव्या हाताची. कौलाला देवीचा उजवा धरायचा, आपला नाय. ती आपल्याकडे तोंड करून बसलेली हाय ना." मग रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "तुमाला शोधत रांगत येत होतो, म्हणून लांबून दिसलात आणि गाडी उभी केली. नायतर या वळणाला मी कधी हळू येत नाय."

मी रस्त्याच्या कडेला खालीच बसलो. चुकलो मी होतो. ती चूक सुधारायला जो माणूस धाडला गेला, तो माझ्या चुकीपायी आम्हाला उडवणारच होता, आणि मला शोधत होता म्हणून हळू होता. यात कुणी काय घडवलं याचा हिशेब मी लावायला बसत नाही. मला एवढंच कळलं की देवीने तिचा उजवा हात पुढे केला होता आणि मी माझ्या बाजूने त्याला डावा म्हटलं होतं. माधवीला मी सगळं सांगितलं, आनंद झाला होता तेही. ती म्हणाली, "अहो, तुम्ही म्हणालात म्हणून मी मूर्तीकडे बघितलंसुद्धा नाही." ती रागावली असती तर बरं झालं असतं.

इकबालभाईंनी सायकल उचलून टेम्पोत टाकली आणि आम्हाला घाटाच्या पायथ्याशी सोडलं. कुणी सांगण्याआधी मी मागच्या सीटवर बसलो.

चढ लांबलचक होता. माधवी पुढून सांगत होती, खड्डा, गिअर, आता डावं वळण, आता उजवं. पहिली काही वळणं माझे हात त्या न वळणाऱ्या हॅण्डलला पिळत राहिले. मग कधीतरी ते सैल पडले. दरीकडून गार वारा येत होता आणि किती वर्षांनी मी नुसतं पेडल मारत होतो, बाकी कशाची काळजी नव्हती. ती "उजवं" म्हणाली आणि मी विचार न करता उजवीकडे झुकलो.

तेव्हा लक्षात आलं. देवीसमोर मी तिच्याकडे तोंड करून उभा होतो, म्हणून तिचा उजवा मला डावा दिसला. आता मी माधवीच्या पाठीमागे बसलो होतो. तिचा उजवा तोच माझा उजवा होता.