एकाच आडनावाची दोघं

त्याचं आणि माझं आडनाव एकच, हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मंग तो तुया भाऊ लागते."

आम्ही गोंड. आमच्यात आडनावावरून कूळ कळतं आणि कुळावरून देव. कुणाचे चार, कुणाचे पाच, सहा, सात. देवांची संख्या सारखी असली की ते भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. आम्ही सात देवांचे. मी देवरीच्या दवाखान्यात नर्स, तो सालेकशाकडे शिक्षक. दोन वर्षांच्या ओळखीत 'तुमचे देव किती?' हे मी त्याला भीतीपोटी विचारलंच नव्हतं. शेवटी विचारलं, तर त्याला ठाऊक नव्हतं. त्याचे वडील लवकर गेले होते. म्हणाला, "चिचगडला आजी आहे, बाबांची आत्या. तिला विचारू."

बाबाही यायला तयार झाले.

आजी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. सगळं ऐकून तिनं हात झटकले.

"हे आडनाव आपलं नोहेच."

"म्हणजे?" तो चमकला.

"माया बाप तुमच्या आडनावाच्या गोंड पाटलाकडे सालदार होता. माया भावाचं, तुया आज्याचं नाव शाळेत टाकाले गेला. मास्तरनं इचारलं, कोणाकडचा? यानं पाटलाचं घर सांगतलं. मास्तरनं पाटलाचंच आडनाव लिवून टाकलं. तेच चालून राहिलं."

"मंग इतके दिवस कोणाले सांगतलं काऊन नाही?" बाबा म्हणाले.

"कोणी इचारलं काय?"

मग तिनं खरं आडनाव सांगितलं. त्यानं ते दोनदा हळूच उच्चारून पाहिलं.

"आमच्या कुळात कासव मारत नाही, खात नाही. सहा देवाचे आहोत," आजी म्हणाली.

बाबांचं तेवढ्यावर समाधान होईना. दुसऱ्या दिवशी ते एकटेच आजीनं सांगितलेल्या, त्याच्या घराण्याच्या मूळ गावी, कुळाच्या देवठाण्यावर गेले. मी ड्युटीवर होते. दुपारी फोन आला.

"सहाच हायेत," बाबा म्हणाले. "मी सोता मोजले."

पुढं ते काहीतरी लग्नाच्या तिथीचं बोलत होते. मला नीट ऐकूच येत नव्हतं. मी औषधांच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि पोटभर रडले.