एन्टर दाबायच्या आधी

गांधीबागेतल्या ज्या कापडाच्या होलसेल दुकानात बाबा इतकी वर्षं मुनीम आहेत, तिथला बिलाचा नवा प्रोग्राम मी लिहून दिला. "माझी पोरगी करते, जबाबदारी माझी," असं बाबांनी शेठजींना सांगून टाकलं होतं. पहिल्याच आठवड्यात शेठजी म्हणाले, "बेटा, एक बिल निघायले लई टाइम लागून राहिला. असंच असन तर जुनाच प्रोग्राम बरा." बाबा खाली मान घालून बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी प्रोग्राममध्येच घड्याळ बसवलं. बिल उघडलं की चालू, छापायला गेलं की बंद. सक्करदऱ्याला घरी चालवून बघितलं तर पापणी लवायच्या आत बिल तयार. दुकानातले आकडे बाबाच फोनवर सांगायचे, ते मिनिटांत. तोच प्रोग्राम, तसाच कॉम्प्युटर. आधी कॉम्प्युटरला शिव्या घातल्या, मग वायरिंगला, मग स्वतःला. अर्धा प्रोग्राम पुन्हा लिहिला. घरी आणखी झटपट, दुकानात तेवढाच वेळ. ही काय भुताटकी, काही समजेना. डोकं पार भणभणून गेलं.

शेवटी दुकानात जाऊन बाबांच्या मागं उभी राहिले. बिल पडद्यावर आलं, खाली माझीच ओळ: बरोबर असल्यास एन्टर दाबा. बाबांनी चष्मा सारखा केला आणि गिऱ्हाइकाला एकेक ओळ मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. ओळ वाचायची, गिऱ्हाइकाच्या 'हो'ची वाट बघायची, मग पुढची. इथली जुनी रीतच ती. मधे "पोरीचं लगन कवा हाय गा?" हेही विचारून झालं. मग एन्टर. माझं घड्याळ इमानेइतबारे सगळं मोजत होतं.

"काय सापडलं वं?" बाबांनी विचारलं. शेठजी ऐकत होते.

"काही नाही बाबा, बघते," मी म्हटलं. पण माझी नजर त्यांच्या एन्टरवरच्या बोटावर होती, आणि ती त्यांनी बघितली.

दुसऱ्या दिवशी आकडे एकदम खाली आले. मी एक अक्षर बदललं नव्हतं. गोंधळून परत दुकान गाठलं. बाबा मुकाट्यानं एन्टर दाबत होते. गिऱ्हाईक कागद उचलून चालू लागत होतं. शेठजी खुश होते.

"म्हटलं होतं ना, माह्या पोरीले जमते," बाबा म्हणाले.

वाचा ना बाबा, असं म्हणायचं होतं. समोर शेठजी होते. मी चहा घेतला आणि घरी आले. मला नेमकं काय जमलं, हे मला अजून समजलेलं नाही.